उत्तरेच्या काचांना चुना

गिरणीच्या छपराच्या काचांना मी चुना फासायला लावला होता. वर बायकांकडून टाळ्याही घेतल्या. पंचावन्न वर्षांची घोडी झाले होते, पण महिला मंडळाची अध्यक्ष केल्यापासून मला वाटायचं, सोलापूरचं ऊनसुद्धा माझं ऐकेल. घर तापू नये म्हणून गच्चीला चुना देतो, तसा काचांना दिला की झालं!

आमच्या चाळीमागच्या बंद गिरणीचं एक शेड दुरुस्त करून बायकांना शिवणकामासाठी मिळणार होतं. पण आधी पाहणी. महापालिकेच्या साहेबांनी ‘जागा कामाची नाही’ असं लिहिलं की शेड गोदामाला जाणार. शेजारची तेलुगू बाई शाळेचे गणवेश शिवायची. एका खोलीचं घर. मशीन मांडलं की खाटेला जागा नाही. ती कुबड्यांवर चालायची. शेडला पायऱ्या नव्हत्या, कापडाच्या ढकलगाड्यांसाठी केलेला उतार होता. त्या उतारावरून ती रोज एकदा वर जाऊन यायची, नुसतीच.

ओला चुना पारदर्शक दिसतो. रात्रीत वाळला. सकाळी कुलूप काढलं तर आत संध्याकाळ! वीज अजून जोडलेली नव्हती. साहेब अकराला येणार होते.

माझे वडील याच शेडमध्ये मागावर होते. त्यांचा डबा घेऊन मी कितीदा आले असेन. तुटलेला धागा दिसावा म्हणून छपराच्या काचा उत्तरेकडे ठेवलेल्या, तिकडून थेट ऊन फारसं येतच नाही, हे त्यांनी मला बोट दाखवून सांगितलेलं. अध्यक्षबाई विसरल्या!

मग शिड्या, बादल्या, काथ्या. खालून कोणीतरी ओरडलं, “अध्यक्षबाई, घासा की! भाषण नका देऊ!” साहेब आले तेव्हा काचांच्या दोनच ओळी स्वच्छ झाल्या होत्या. ते वर बघत राहिले. शेजारणीने घरून आणवलेलं आपलं मशीन त्या उजेडाच्या पट्ट्यात ओढायला लावलं, सुईत दोरा ओवला आणि त्यांच्यासमोर एक कॉलर शिवून दाखवली. साहेबांनी कॉलर उलटसुलट पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते सांगितलं नाही. “आठवड्यात कळवतो,” म्हणाले आणि गेले.

मी तिथेच उतारावर बसले. तिच्याकडे बघवेना. ती कुबड्या टेकत आली आणि म्हणाली, “आक्का, रडू नका. साहेब काय बी लिहू दे. मशीन मी हितंच ठेवून चालले. उचलायचं असलं तर आधी मला उचला म्हणावं.”