फिटरच्या गिटारीतली हीर

आमच्या फिटरला ‘जमणार नाही’ एवढंच ऐकू येत नसे, बाकी कान तिखट. शनिवारी पेडण्याच्या बसमधून तो उतरला की त्याच्या आधी त्याचा आवाज वाड्यावर पोचायचा. डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात तो फिटर होता. गावाने त्याचं खरं नाव केव्हाच टाकून दिलं होतं.

त्या वर्कशॉपातच यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली. त्याआधी जत्रेच्या नाटकात मी पेटीमास्तर आणि तो गिटारीवर, अशी आमची जोडी होती. आता दुकानातल्या गिटारीच्या तारा त्याला दाबवेनात. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. याने फणसाची फळी आणली आणि स्वतःच विजेची गिटार करायला घेतली. मान काढली मोडक्या सागवानी पलंगातून. ‘‘बोटां आखडलीं, गितार न्हय,’’ म्हणायचा. आखडलेल्या बोटांनाही दबतील इतक्या तारा खाली आणायच्या, एवढंच त्याला साधायचं होतं.

बढाई तर विचारूच नका. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराला नाटक मराठीत की कोंकणीत यावरून मंडळात दोन तट पडले होते. फिटर दोन्हीकडे चहा पिऊन यायचा आणि दोन्हीकडे एकच सांगायचा, ‘‘खंयच्याय भाशेन करा, गितार म्हजी आसतली.’’ तेव्हा गिटारीला अजून तारासुद्धा चढल्या नव्हत्या.

त्या चढल्या थेट जत्रेच्या दिवशी, दुपारी, देवळाच्या मंडपात. नव्या तारांच्या ओढीने मान पुढे आली आणि तारा मानेवरच्या पट्टीपासून उचलल्या. तारांखालच्या घोडीचे स्क्रू तळाला टेकले तरी उंची उतरेना. फिटरने तार दाबून पाहिली. आखडलेलं बोट पुरतं दाबेना, सूर काही आला नाही. मंडळाचे मॅनेजर भाऊ हळूच म्हणाले, ‘‘फिटर, यंदा राव दी. फुडल्या वर्सा बघया.’’

‘‘च्या सांग,’’ फिटर म्हणाला. ‘‘च्या पिऊन जायसर वाजतली.’’

तो तडक घरी गेला आणि वाडवणीतली, म्हणजे माडाच्या केरसुणीतली, एक हीर उपसून घेऊन आला. मागोमाग त्याची बायको, आमच्या वहिनी. ‘‘वाद्यात वाडवण? लक्ष्मी ती!’’

‘‘म्हणान तर आपल्या घरातली घेतलंय,’’ तो म्हणाला. मान सोडवून त्याने हिरीचा तुकडा फळीच्या जोडात घोडीच्या बाजूला घातला, म्हणजे मान मागे कलणार आणि तारा उतरणार. पण घाईत बुडख्याकडचा जाड तुकडा पडला. तारा पट्टीवरच्या पडद्यांवर लोळल्या आणि गिटार नुसती खरखरू लागली. फिटरचा चेहरा मात्र ढळला नाही. पुन्हा मान सोडवली, शेंड्याकडचा बारीक तुकडा घातला, घोडी केसभर उचलली. आखडलेलं बोट तारेवर टेकलं आणि सूर स्वच्छ निघाला. माझे डोळे भरून आले. भाऊंचा चहा तसाच निवला. वहिनी मात्र रागातच घरी गेल्या.

पुढची कितीतरी वर्षं फिटरने जत्रा गाजवली. तो गेल्यावर वहिनींनी गिटार माझ्याकडे आणून दिली. माझे हात पेटीवाल्याचे, जोरदार. त्या खाली बसवलेल्या तारा माझ्या हाताखाली खरखरत. पणजीच्या दुकानातल्या माणसाने मान खोलून हीर बघितली आणि हसून म्हणाला, ही काडी काढली की तारा वर येतील, खरखर जाईल. मी त्याला ती होती तशी घालायला लावली. तेव्हापासून हळू वाजवायला शिकतोय.

हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या अंगण झाडत होत्या. मग हातातल्या वाडवणीकडे बघत म्हणाल्या, ‘‘मोडली तर सांगा, मास्तरांनू. घरात आसा.’’