वीतभर उंबरठा

गोंदिया जिल्ह्यात माणसांपेक्षा लाकडावर जास्त जीव असलेला एकच माणूस आहे, आणि तो माझ्या मैत्रिणीचा बाप आहे. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. काकाजी आयुष्यभर हायवेवरच्या बसमध्ये कंडक्टर होते. देवरीहून छत्तीसगडच्या हद्दीकडे जायचं आणि तिकडून परत यायचं. बाकीच्या लोकांनी नोकरीत प्लॉट घेतले, काकाजींनी लाकूड घेतलं. हद्दीपलीकडे कुठे जुनं घर पाडताहेत असं कुण्या प्रवाशाच्या बोलण्यात आलं, की काकाजींचे कान उभे. पुढच्या फेरीला बसच्या टपावर कोरीव खांब, नक्षीचा पाळणा नाहीतर घोड्याच्या तोंडाचा टेकू बांधलेला असायचा. एकदा तर त्यांनी सागाचा देव्हारा सीटवर बसवून आणला आणि स्वतः दारात उभे राहिले. एका बाईने विचारलं, "काऊन जी, देवाचं तिकीट फाडलं का?" तर काकाजी गंभीरपणे म्हणाले, "हाफ फाडलं."

रिटायर झाल्यावर त्यांनी देवरीजवळच्या आमच्या गावात घर बांधलं आणि हा सगळा साठा त्यात मांडला. घर म्हणजे बस आणि आपण तिचे कंडक्टर, हे त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. पाहुणा छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, आला की ते आधी त्याच्याकडे, मग तखताकडे बघणार आणि जागा देणार. जाड माणूस खांबाशेजारच्या बाकावर, बारीक माणूस झोपाळ्यावर, लेकरं खाली चटईवर. "सरकून घ्या थोडं. पाठ टेकू नका, मागं मोराची जोडी हाये." चहाचा कप ठेवायला कुठे जागा नाही, कारण जिथे जागा आहे तिथे नक्षी आहे. मी अख्खी कपबशी मांडीवर सांभाळत तिथे किती बैठका काढल्यात, माझं मला माहीत. हुंडा-आंदणाविरुद्धच्या आमच्या पत्रकांचे गठ्ठे ठेवायला त्यांनी छपरीतला एक पेटारा आनंदाने दिला, पण त्यातलं एक पत्रक मी खांबाला डकवायला गेले तर खळीचा डबा माझ्या हातातून काढून घेतला. "तुही क्रांती भिंतीवर कर पोरी. खांबानं तुहं का बिघडवलं?"

प्लास्टिक, पत्रा आणि प्लायवूड यांना त्या घरात बंदी. प्लायला ते प्लाय म्हणत नसत, "भुशाचं लाकूड" म्हणत. आमच्याकडे लग्नात मुलीचं आंदण मांडवात मांडून ठेवायची पद्धत आहे: पलंग, आलमारी, ड्रेसिंग टेबल, सगळं दोरीने बांधून, वर नावाची चिठ्ठी लावून, लोकांनी बघावं म्हणून. काकाजी जेवायला बसण्याआधी तिकडे जायचे. वाकायचे, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक दोनदा वाजवायचे, बसची घंटी मारल्यासारखं, आणि भर मांडवात निकाल द्यायचे: "प्लाय हाये." नवऱ्यामुलाचा बाप काळानिळा. मुलीचा बाप मान खाली. मी आंदणाविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटली, सभा घेतल्या, शिव्या खाल्ल्या. पण आंदणाची शोभा काकाजींच्या दोन टकटकींनी जेवढी उतरायची तेवढी माझ्या भाषणाने कधी उतरली नाही. दुर्दैव एवढंच, की काकाजींचा विरोध आंदणाला नव्हता, प्लायला होता. अस्सल साग दिसला की ते मुलीच्या बापाची पाठ थोपटून यायचे. मी भांडायची. ते म्हणायचे, "तू माणसाचं पाहून राह्यली, मी झाडाचं पाहून राह्यलो."

आता काकूबद्दल. घर सजवा, हाताने घडवलेलं लाकूड आणा, परंपरा दिवाणखान्यात मांडा, असं सांगणाऱ्या गुळगुळीत जाहिराती मीही मोबाइलवर बघते. त्या फोटोंत उन्हाची तिरीप असते, पितळी घंघाळात फुलं असतात, आणि माणूस एकही नसतो. फडकं धरलेला हात तर कधीच नसतो. काकाजींच्या घरात तो हात काकूचा होता. मोराच्या प्रत्येक पिसात धूळ बसते. हायवेवरून ट्रक जातात, धान निघताना कोंडा उडतो, आणि तो नेमका वेलबुट्टीत जाऊन बसतो. काकू सकाळी जुना टूथब्रश घेऊन बसायची. आधी खांब, मग टेकू, मग झोपाळा. तोवर पहिला खांब पुन्हा मळलेला. महिन्याला एकदा तेलाचं बोट. मी एकदा विचारलं, "काकू, कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "मोराचं आंग धुवून देतो मी, माह्या मानसानं कधी एका पिसाले फडकं नाही लावलं." मग स्वतःच हसली.

तिची स्वतःची अशी एकच वस्तू होती: लाल प्लास्टिकची खुर्ची. ती मागच्या बाडीत, परसातल्या चुलीच्या लाकडांमागे लपवलेली असायची. काकाजी बाहेर गेले की खुर्ची छपरीत यायची आणि काकू तिच्यात पाय पसरून, पाठ पूर्ण टेकून, रस्त्याकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायची. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बाईशी दोन शब्द. कोण माहेरी चालली, कुणाची गाय व्याली, सगळ्या गावाची खबर त्या खुर्चीत यायची. लांबून काकाजींची चप्पल वाजली की खुर्ची गुडुप. काकाजींना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

घरातली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे मधल्या खोलीची चौकट. जुन्या सागाची, एकही खिळा नसलेली, लाकडात लाकूड अडकवून उभी केलेली. दोन्ही बाजूंनी वेल वर चढत गेलेली आणि खाली वीतभर उंच उंबरठा. त्याच्या दोन टोकांना दोन हत्ती, मधोमध कमळ. ही आणली तेव्हा टपावरून उतरवायला सहा माणसं लागली, आणि काकाजी बसभोवती ओरडत होते, "सावकाश, हत्ती हायेत." गवंडी म्हणाला, एवढा उंच उंबरठा आजकाल कोणी ठेवत नाही, थोडा जमिनीत गाडू. काकाजींनी त्याला चहा न पाजता परत पाठवला आणि दुसरा गवंडी आणला. काकू रोज सकाळी त्या उंबरठ्यावर पाणी शिंपडायची, हळदकुंकू वाहायची. येणाऱ्याला काकाजी बजावायचे, "पाय उचला. कमळावर पाय नको." त्या घरात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाचा गुडघा तिथे आपोआप वर जायचा.

गेल्या वर्षी भर पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत काकूला लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा जीभ जड झाली होती, पण डोकं साफ होतं. मैत्रिणीने नागपूरहून चाकांची खुर्ची पाठवली. लोखंडी दांडे, रेक्झिनची बैठक, प्लास्टिकचे हात. काकाजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ह्याच्यात हाताचं काम काहीच नाही." काकू पलंगावरून बोलली, "बसाचं हाये जी मले." आणि तिला बसवून खुर्ची दाराकडे ढकलली, तर पुढची लहान चाकं हत्तींच्या मधोमध, कमळाला टेकून थांबली.

पहिले काही दिवस शेजारचे दोन बाप्ये यायचे आणि तिला उचलून छपरीत न्यायचे. एकदा तिचं लुगडं सुटलं. त्या दिवसानंतर तिने उचलू दिलं नाही. "मी का धानाचा बोरा हाव?" एवढंच म्हणाली. मागच्या दाराला तीन पायऱ्या, तिकडूनही जाता येईना. मग ती त्या मधल्या खोलीत राहिली, कोरीव पलंगावर, कोरीव खांबांकडे बघत. मी गेले की एकच शब्द बोलायची, "बाहेर."

सुताराने सांगितलं, उंबरठा सोडवायला गेलो तर लाकडात लाकूड आहे, पूर्ण चौकट हलेल. कापायचा तर पाच मिनिटांचं काम. काकाजींनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो चहा न घेताच उठला. त्यांनी वेगळा मार्ग काढला. उंबरठ्यावर चढायला आणि उतरायला दोन्हीकडून उतरती फळी करायची. कोणीही प्लायचा तुकडा टाकला असता. पण काकाजींच्या घरात भुशाचं लाकूड? फळी सागाचीच हवी, तिच्यावर चौकटीचाच वेल हवा, नाहीतर ती तिथे शोभणार नाही. सुतार लग्नांच्या पलंगांत अडकलेला. धानाला लोंब आली, धान पिवळं झालं, फळी तयार होत होती. काकाजी रोज सुताराकडे जाऊन पान कसं वळलं ते बघून यायचे आणि काकूला सांगायचे, "अशी बनून राह्यली, अशी! तू राणीसारखी जाशीन." काकू म्हणायची, "मंडईले?" ते म्हणायचे, "मंडईच्या पयले."

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, दंडारीची नाटकं होतात, दुकानं लागतात, आणि सगळी गर्दी काकाजींच्या छपरीसमोरच्या रस्त्याने जाते. काकूला तिथे बसायचं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं. फळी आली मंडईच्या आदल्या दिवशी. खरं सांगते, इतकी सुंदर वस्तू मी त्या घरातही पाहिली नव्हती. मंडईच्या दिवशी दुपारी आम्ही काकूला नवं लुगडं नेसवलं, खुर्चीत बसवलं आणि फळीवर घेतलं. फळीला दोन हात पॉलिश मारलेलं. चाक अर्ध्यावर चढलं, वेलावर धडधडलं आणि सर्रकन मागे आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा खुर्ची तिरपी झाली आणि काकू माझ्या अंगावर आली. ती घाबरून रडली. बाहेर ढोलकी वाजत होती, बाया हसत चालल्या होत्या, कोणीतरी छपरीतून हाक मारली, "काकू, आयकू येते का वं?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काकाजी, रोवणीपासून ही बाई आत पडून आहे. पाच मिनिटांच्या कामासाठी. तुमची बायको या हत्तींपेक्षा स्वस्त आहे का?" मला वाटलं, आता मला हाकलतील. ते बाडीत गेले. परत आले तेव्हा हातात करवत होती.

काकूने करवत पाहिली आणि मान हलवली. मला वाटलं ती नको म्हणते. जड जिभेने ती म्हणाली, "हळद... पयले." काकाजींनी कधी देवघरातली वाटी उचलली नव्हती. त्यांनी ती आणली, खाली बसले आणि उंबरठ्यावर बोटं ओढली. हळद कमळावर कमी, लेंग्यावर जास्त. मग कापायला लागले. उभं आयुष्य लाकडाबद्दल बोलत आलेला तो माणूस, पण लाकूड त्याने कधी कापलं नव्हतं. करवत अडकायची, घसरायची. जुना साग दगडासारखा. दुसरीकडून मी करवत धरली. त्यांच्या बोटातून रक्त यायला लागलं, ते पुसत नव्हते. एक काप वाकडा गेला आणि एका हत्तीची सोंड त्यात गेली. त्यांनी तो तुकडा उचलून खिशात घातला आणि पुन्हा करवत धरली. कमळ निघून बाजूला पडलं तेव्हा बाहेरचं ऊन उतरत आलं होतं. काकाजींनी काकूच्याच पदराने तिचं तोंड पुसलं, खुर्चीच्या मागे उभे राहिले, चौकटीवर टकटक दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "जाऊ द्या."

मंडई उठत आली होती. शेवटची माणसं घरी चालली होती, लेकरांच्या हातात फुगे होते. तरी एकेक बाई थांबली, काकूच्या गुडघ्याला हात लावून गेली. एकीने विचारलं, "कशी हाव वं?" काकू म्हणाली, "बाहेर हाव."

तेव्हापासून उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं गळायला लागेपर्यंत ती रोज छपरीत बसली. खांबांवर धूळ चढली, मोर मळले, काकाजींनी टूथब्रश घेतला आणि दोन दिवसांत टाकून दिला. ते तिच्या बाजूला तखतावर बसून तांदूळ निवडायचे, वाईट निवडायचे. मोहाच्या दिवसांतच एका सकाळी ती उठली नाही. तिला बाहेर नेलं ते त्याच दारातून. खांदेकरी दारापाशी आले आणि चौघांचेही पाय सवयीने वर उचलले गेले. तिरडी एकदम हलली. काकाजी चौकटीला धरून उभे होते. त्यांनी लाकडावर बोट टेकवलं, पण वाजवलं नाही.

परवा पत्रकांचा नवा गठ्ठा ठेवायला गेले होते. काकाजी छपरीत लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, पाठ पूर्ण टेकून. मी खुर्चीकडे बघितलं. ते म्हणाले, "बरी हाये. सांगितलं नाही तिनं कधी." पाणी आणायला उठले. चौकटीच्या दोन बाजूंना उंबरठ्याचे दोन तुकडे अजून आहेत, एक अख्खा हत्ती, एक बिनसोंडेचा. दोघांवर ताजी हळद होती, इकडेतिकडे सांडलेली. मधली जागा सपाट. त्या सपाट जागेशी काकाजी थांबले, गुडघा वर घेतला, पाय चांगला वीतभर उचलून पलीकडे ठेवला आणि आत गेले. त्यांच्यामागे मी गेले. माझाही पाय उचलला गेला.