एकही टाका तुटला नाही

माझ्या दादाच्या दुकानात भिंतीला एक मोठी कात्री टांगलेली होती. तिने कधी काही कापलं नाही. ती बक्षिसाची कात्री होती. "माझी शिवण नुसत्या हाताने उसवून दाखवा आणि ही घेऊन जा," असं दादा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. धडधाकट पैलवानगडी यायचे, तोंड लालबुंद होईपर्यंत ओढायचे आणि हसत हात झटकायचे. सव्वीस वर्षं कात्री जागची हलली नाही.

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची, एवढाच त्याचा धंदा. लोक त्याला पक्के मास्तर म्हणत. मी त्याची धाकटी बहीण, मागच्या बाजूला बसून कव्हरांना इलास्टिक आणि हुक लावायचे. वहिनी लवकर गेली. तेव्हापासून त्याची एकुलती एक लेक माझ्याच मांडीवर आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर वाढली.

दादाचं काम असं चाले. सीटवर खाकी कागद दाबून बसवायचा, खडूने कडा उतरवून घ्यायच्या, कागद कापायचा, त्यावर गिऱ्हाइकाची ओळख लिहायची आणि तो खिळ्याला अडकवायचा. 'दाताचे डॉक्टर, पांढरी गाडी.' 'गणिताच्या बाई.' 'टकलू ठेकेदार.' मग नायलॉनचा दोरा मेणातून ओढून शिवण. सगळीकडे दोन ओळी, पण सीटच्या पाठीची बाहेरची कड आली की तिसरी ओळ. "चढता-उतरता माणूस तिथेच घासतो. शिवण जाते ती तिथनंच," तो म्हणायचा. ही तिसरी ओळ दुसरं कुणी देत नसे. तिच्यामुळेच तो पक्के मास्तर होता.

पुढे नव्या गाड्या आल्या आणि नेमक्या त्या कडेला एक लहानसं कापडी लेबल दिसू लागलं. एअरबॅग. दादाला ते डोळ्यांत खुपायचं. "नव्या शर्टाची चिठ्ठी बाहेर ठेवून कोण फिरतं का?" असं म्हणून तो ते नीट आत दुमडायचा आणि वरून शिवून टाकायचा.

एकदा दाताचे डॉक्टर कंपनीचंच कव्हर घेऊन आले. दादाने बाहेरच्या कडेला बोट घालून जरा ओढलं, तर शिवण टरकन फाटली. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "एवढी मोठी कंपनी आणि दोरा बघा! बाकी सगळीकडे ठीक आहे, नेमका इथेच कच्चा. कारागीर जेवायला गेला होता वाटतं." त्याच्या हाताखाली तेव्हा एक कारागीर होता. तोही हसला, मीही हसले. दादाने ती कड नव्याने शिवून दिली, तीन ओळींत, हौसेने. डॉक्टर खूश होऊन गेले.

त्या कच्च्या दोऱ्यामागे काही कारण असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

लेकीचं लग्न झालं. जावई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला, अगदी शिस्तीचा माणूस. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा पूर्ण वाचणारा. त्याने गाडी घेतली तीही सहा एअरबॅगवाली. दादाने त्याच आठवड्यात खाकी कागद काढला.

जावई अवघडून म्हणाला, "बाबा, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, सीटच्या बाजूला एअरबॅग आहे म्हणून वरून कव्हर घालू नका."

"कंपनीला स्वतःची कव्हरं खपवायची असतात, जावईबापू. दुसरं काय लिहिणार ते?"

"तरी पण..."

"तरी पण काय? जगाच्या गाड्या शिवल्या आणि पोटच्या पोरीची गाडी उघडी फिरवू?"

दादाचं तोंड उतरलेलं लेकीने पाहिलं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, घालू द्या ना. बाबांचं मन नका मोडू." त्याने गाडीची किल्ली दादाच्या हातात दिली. दादाने तपकिरी रंगाची कव्हरं शिवली, आयुष्यातली सगळ्यात सुंदर. बाहेरच्या कडेला त्याने चौथी ओळ घातली. लेकीसाठी म्हणून.

आठ महिन्यांनी, भर दुपारी, चौकात एका टँकरने गाडीला उजव्या बाजूने धडक दिली. जावई चालवत होता. लेक डावीकडे होती, तिला कपाळावर ओरखडा आला. छतातली एअरबॅग उघडली, म्हणून जावयाचं डोकं वाचलं. सीटमधली उघडली नाही. बरगड्या वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मरणाआधी शुद्धीवर होता, आणि त्याने विचारलं ते एवढंच, "बाजूची का नाही उघडली?"

लेक रडली नाही. तिने कंपनीशी भांडण मांडलं. फोनवर तिला तिच्यासारखे गाडीवाले सापडले. एकाची एअरबॅग नुसत्या खड्ड्याने उघडली आणि चष्म्याच्या काचा डोळ्यात गेल्या. एकाची गाडी भिंतीवर आदळून चपटी झाली तरी काही उघडलं नाही. एका बाईने जुनी गाडी घेतली होती, तिच्या स्टिअरिंगमधून एअरबॅगच्या जागी कोंबलेल्या चिंध्या निघाल्या. दादा हे सगळं दुकानात मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मशीनवर मूठ आपटायचा. "हरामखोर! माणसं मारतात आणि वर जाहिराती करतात. पोरी, सोडू नकोस त्यांना. ज्याने केलंय त्याला मी उभा जाळीन."

मी देवापुढे बसून रोज एकच मागत होते. दोषी सापडू दे. देवाने ऐकलं.

कंपनीचा तपासनीस आला. वर्कशॉपच्या मागच्या आवारात गाडी उभी होती, दार चेपून आत गेलेलं. लेक, दादा, मी आणि वर्कशॉपचा फोरमन, एवढेच होतो. तपासनीस पोरसवदा, थंड आवाजाचा. त्याने आधी फोटो काढले, मग संगणक जोडला आणि म्हणाला, "बाजूच्या एअरबॅगला संदेश गेलेला आहे. ती फुगलेली आहे."

"फुगली असती तर दिसली असती," लेक म्हणाली.

"कव्हर काढून बघू."

फोरमनने बोटं घालून ओढलं. कव्हर हललं नाही. त्याने पाय लावून ओढलं. तपासनिसाने खिशातली सुरी काढली, तिचं टोक वाकलं. दादा पुढे झाला. "बाजूला व्हा. तुम्हाला नाही जमायचं." त्याने आपलं पातं काढलं आणि चारही ओळी एकेक करून सोडवल्या.

आतून पांढरं कापड बाहेर लोंबलं. एअरबॅग फुटून आली होती, फुगली होती आणि कव्हराच्या आतच, पाठीमागच्या पोकळीत दबून मेली होती. माणसाकडे यायला तिला वाट मिळाली नव्हती.

तपासनिसाने ती कड हातात धरून उजेडात पाहिली. "एवढा जोर बसला आणि एक टाका तुटलेला नाही. मी असली शिवण पाहिली नाही. कुणी केली?"

दादाचा हात सवयीने वर गेला. "मी."

तोंडातून शब्द गेला आणि मग त्याला कळलं. हात तसाच वर राहिला. लेक त्या हाताकडे बघत होती.

तपासनिसाने समजावलं. ती कड मुद्दाम कच्च्या दोऱ्याने शिवतात, एअरबॅगने ती फाडून बाहेर यावं म्हणून. "पुस्तकात लिहिलेलं असतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," लेक म्हणाली. "ह्यांनी वाचलं होतं."

त्यानंतर तिने बापासाठी दार उघडलं नाही. सासू आणि ती, दोघीच त्या घरात राहायच्या. दादा रोज जायचा, जिन्यात उभा राहायचा, परत यायचा. महिन्याने तिने साखळी लावून दार बोटभर उघडलं. मी दादाबरोबर होते.

"अशा किती गाड्या आहेत?" तिने विचारलं.

"तुझी सोडून एक्केचाळीस."

"त्या सगळ्यांची कड उसवून या. एकही ठेवू नका. मग मी दार उघडीन."

दादाने खिळ्यावरून त्या एक्केचाळीस गाड्यांचे कागद उतरवले. आयुष्यभर शिवलं, आता हा माणूस उसवायला निघाला. मला वाटलं होतं, लोक दोन्ही हातांनी आशीर्वाद देतील. कसलं काय.

गणिताच्या बाई म्हणाल्या, "मास्तर, पाच वर्षं काही झालं नाही. तुमचं दुःख कळतं मला, पण माझी गाडी कशाला विद्रूप करता?"

दाताचे डॉक्टर म्हणाले, "आधी तुम्हीच कच्चा दोरा काढून पक्का घातलात. आता पक्काही काढायला आलात. उद्या काय, दातसुद्धा उपटून परत लावायचा का?"

टकलू ठेकेदाराने तर चारचौघांत विचारलं, "जावई खाऊन पोट नाही भरलं? आता आमच्या दारात आलास!" दादा खाली मान घालून म्हणाला, "म्हणूनच आलोय." ठेकेदाराने त्याला तीन चकरा मारायला लावल्या, मग गाडी धुवून घेतली, मग उसवू दिलं.

कुणी हसून, कुणी कंटाळून, कुणी कीव करून, पण सात महिन्यांत एक्केचाळीस झाल्या. पाठीमागे त्याचं नाव बदललं. उसवे मास्तर. पोरं लांबून हाक मारून पळायची. शेवटची कड सोडवून आला तेव्हा त्याने धुतलेला सदरा घातला. "चल, दार उघडेल आज," म्हणाला. भिंतीवर कात्री नव्हती. ती त्यानेच कधीतरी उतरवून ठेवली होती.

दुकानाला कुलूप लावून वळलो तर समोर दाताच्या डॉक्टरांची पांढरी गाडी. आमच्या दुकानासमोरच आमच्या जुन्या कारागिराने दुकान थाटलंय; दादा सात महिने बाहेर आणि मी मागच्या बाजूला, तिथे काय शिवलं जातं ते कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या दारात गाडी उभी, दार उघडं, आणि तो बाहेरची कड शिवत बसलेला. तिसरी ओळ चालली होती.

दादा रस्ता ओलांडून गेला. "हे काय करतोस?"

"या मास्तर. बसा, चहा घ्या." तो खरंच आदराने उठला. "तुम्ही उसवता, ते उघडं दिसतं. लोकांना नको असतं. मग इकडे येतात."

"किती आल्या?"

"ही बाविसावी."

"अरे, कच्चा दोरा तरी घाल! माणूस मरेल!"

"कच्चा?" तो हसू दाबत म्हणाला. "माझ्या दुकानात? तुमच्याच हाताखाली शिकलोय मी, मास्तर. तुमचं नाव सांगून शिवतो. गिऱ्हाईक मुद्दाम म्हणतं, पक्के मास्तरांसारखी शिवण हवी."

दादाने ती कड बोटांनी चाचपली. आतून कुरतडला गेला असेल, पण मी त्याचं तोंड बघत होते, आणि देवाशपथ सांगते, क्षणभर त्याला ती शिवण आवडली होती.

जिना चढताना मी म्हटलं, "दादा, तू एक्केचाळीस उसवल्यास. तेवढंच सांग. ते खोटं नाही."

साखळीची फट उघडली. तिच्या मागे पाट मांडलेला दिसला, पाण्याचा तांब्या दिसला. तिने तयारी करून ठेवली होती.

"झाल्या सगळ्या?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "झाल्या होत्या. बावीस परत शिवल्या गेल्या."

 साखळीवर तिचा हात होता. मला वाटलं, काढते आता.

"मग बावीस परत उसवून या, बाबा," ती म्हणाली आणि दार लावलं.

आठ महिन्यांत तिने पहिल्यांदा बाबा म्हटलं होतं. दादाला तेवढं पुरलं. तो जिना उतरला तो पळतच.

आता लोक त्याला गाडीजवळ फिरकू देत नाहीत. विचारून कुणी हो म्हणत नाही, म्हणून त्याने विचारणं सोडलं. बाजाराबाहेर, दवाखान्याबाहेर गाड्या उभ्या असतात तिथे घुटमळतो. काच खाली दिसली की हात आत घालतो आणि पातं चालवतो. अशा नऊ केल्या. कारागीर त्यातल्या चार पुन्हा शिवून बसलाय.

परवा मी भाजी घेत होते. गलका ऐकून धावले. टकलू ठेकेदाराने दादाला त्याच्या गाडीच्या दारातच पकडलं होतं. अर्धं अंग खिडकीतून आत, अर्धं बाहेर. ठेकेदार मागून मारत होता, पाठीवर, मानेवर, आणि बघे मोजत होते. दादाने हात बाहेर काढला नाही. मला वाटलं अडकलाय, म्हणून मी त्याला कमरेला धरून ओढू लागले, तर तो आतूनच ओरडला,

"ओढू नकोस गं! तिसरी ओळ राहिलीय. मारू दे त्याला, तेवढ्यात होईल."