कोणाची पेटी
सडक्या संत्र्याचा आंबूस वास आला की मला अमरावतीजवळच्या त्या पॅकिंग शेडमधली दुपार आठवते. बायांच्या टोळीची प्रमुख होऊन मला थोडेच दिवस झाले होते. लाकडी पेटीत वाळलं गवत अंथरून आम्ही संत्री भरायचो, आणि गवत मुडपायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी असायची. ट्रक भरून उभा होता, तेवढ्यात एका पेटीतून तो वास आला. उघडून पाहिलं तर तळाशी डागी फळं. शेठ म्हणाले, "कोनाचं काम हाय हे? उद्यापासून येऊ नको म्हना तिले." टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई लगेच बोलली, "सांग न वं नाव. जिनं केलं तिनंच निस्तरावं." कडेचं गवत वेणीसारखं पिळून खोचायची सवय तिचीच होती, आणि तो पीळ मी त्या पेटीत पाहिला होता. "आमच्या टोळीचं हाय," मी शेठला सांगितलं, "साऱ्या पेट्या खाली घेतो, पुन्हा निवडून भरतो. त्याबिगर गाडी हालनार नाई." बाया कुरकुरल्या. मी पदर खोचून पेट्या उतरवायला लागले आणि ती खराब पेटी तिच्यापुढे ठेवली. तिनं गवताचा पीळ पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रक निघेपर्यंत फळं निवडत राहिली. आता पेट्या प्लास्टिकच्या आहेत, गवत गेलं. कोणाचं काही चुकलं की शेठ अजूनही तेच विचारतात, आणि माझ्याआधी तीच पुढं होऊन म्हणते, "आमच्या टोळीचं हाय."