तिसरी गाडी

नाव बाळ, वय सदुसष्ट. बाळ सामंतांची एक खोड सगळ्या उपनगरांतल्या जुन्या गाड्यांच्या दलालांना ठाऊक होती. गाडी बघायला गेला की हा माणूस नमस्कारसुद्धा नंतर करायचा, आधी पोतं अंथरून गाडीखाली जायचा. विकणारा चहा सांगून येईपर्यंत बाहेर फक्त यांचे पाय दिसायचे. जोगेश्वरीच्या केव्हज रोडवर त्यांचं गॅरेज होतं, तेव्हापासूनची ही सवय. गॅरेजच्या जागी आता केस कापायचं गारेगार दुकान झालं होतं. तरी कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की घरचे म्हणायचे, बाळला ने बरोबर, तो म्हणेल ते.

बाळना स्वतःला मात्र या सगळ्याचा कंटाळा आला होता. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, डॉक्टर ऑपरेशनची तारीख मागत होते आणि बायको, रत्नप्रभा, रोज एकदा तरी म्हणायची, ‘लोकांच्या गाड्यांखाली किती दिवस सरपटणार आहात?’ पण लोकांना नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो त्यांच्यात उरला नव्हता.

त्यातून अंजनाबाईंना नाही म्हणणं शक्यच नव्हतं. मनोरीच्या अंजनाबाई तीस वर्षं जोगेश्वरीच्या बाजारात मासळी घेऊन बसत आणि सामंतांच्या घरची सुरमई पहिल्यापासून त्यांच्याच टोपलीतली. जगातल्या सगळ्यांना त्या अरे-तुरे करत, बाळनाही. त्यांना फोर-व्हीलची पिकअप हवी होती, म्हणजे जिची चारही चाकं ओढतात अशी. कारण साधं होतं. पावसाळा तोंडावर आला की मासेमारी बंद होते आणि बोट किनाऱ्यावर उंच ओढून शाकारून ठेवावी लागते. ती ओढायला पूर्वी अख्खी आळी यायची. आता आळीतली तरुण पोरं मालाडला, अंधेरीला नोकऱ्यांवर आणि उरले ते म्हातारे. अंजनाबाईंचे यजमान महादू, त्यांच्या पाठीचं मागच्या दिवाळीत ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोरीला हात लावायचा नाही. साधी गाडी ओल्या वाळूत फिरत बसते, काही ओढत नाही, म्हणून चारी चाकांचा हट्ट.

मे महिन्यातल्या एका दुपारी दोघं निघाले. पहिली गाडी साकीनाक्याला. बाळ खाली गेले, चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजून कुजलेली पाहून बाहेर आले. दुसरी घाटकोपरला. तिथेही गेले, तर गिअरबॉक्समधून तेलाची धार लागलेली. दुसऱ्या गाडीखालून निघताना मात्र त्यांना उठताच येईना. अंजनाबाईंनी काखेत हात घालून उभं केलं आणि म्हणाल्या, “बाळदादा, माझ्या टोपलीपेक्षा जड झालास रे तू.” बाळ हसले. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली होती, ती त्यांनी गिळली.

तिसरी गाडी कुर्ल्याला. टर्मिनसच्या मागे निमेश नावाच्या दलालाचं आवार होतं, तिथे ती उभी होती, पांढरी, धुतलेली, बऱ्यापैकी दिसणारी. ऊन अंगावर येत होतं. पोतं खांद्यावर होतं, जमीन दगडी होती, आणि बाळ तिथे उभे राहून त्या जमिनीकडे बघत राहिले.

“काका, चालवून बघा ना,” निमेश म्हणाला. “फोर-व्हील टाका. बत्ती पेटते की नाही सांगा.”

बाळ चालवायला बसले. फोर-व्हीलचा दांडा ओढला, समोरच्या काट्यांमधली हिरवी बत्ती पेटली. हळू गिअरला दांडा नेला तर गाडी चढावर बैलासारखी चढली. आवाज स्वच्छ होता. खरं तर कोरड्या डांबरावर चारी चाकं जोडून गाडी आखूड वळवली की ती अडखळते, पुढची चाकं कुरकुरतात, आणि ही गाडी लोण्यासारखी वळली. बाळना ते जाणवलं. चाळीस वर्षांचा हात, त्याला कसं नाही जाणवणार? पण थकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. टायर गुळगुळीत असतील, म्हणून घसरत वळली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. खाली उतरले, न अंथरलेलं पोतं घडी करून काखेत मारलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “घ्या.”

अंजनाबाईंनी तिथल्या तिथे निमेशच्या हातात पैसे ठेवले.

त्यानंतर आठवडाभर बाळना नीट झोप नव्हती. फोन उचलायचे, ठेवायचे. काय सांगणार? घेऊन झालेली गाडी परत उभी करा, मी बघायचं विसरलो? रत्नप्रभाने विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतोय. तेही खोटं नव्हतं.

पुनवेला अंजनाबाईंनी जेवायला बोलावलं. पुनवेचं उधाण सगळ्यांत उंच चढतं, त्या भरतीवर बोट आत आणायची आणि तिथून गाडीने वर ओढायची. ही भरती चुकली तर पंधरा दिवस थांबायचं, अवसेला. तोवर समुद्र खवळलेला असतो आणि खाली पडलेली बोट त्यात फुटते. बाळ मार्वेच्या धक्क्यावरून खाडीपार नेणाऱ्या तरीत बसले तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या आधी गाडीखाली जायचं. पोचले तर बोट पाण्यात तरंगत होती, नारळ फुटला होता, दोर गाडीला बांधून झाला होता आणि अंजनाबाईंचा पुतण्या यज्ञेश चालवायला बसला होता.

“बाळदादा आला,” अंजनाबाई म्हणाल्या. “आता काय चिंता नाय.”

यज्ञेशने दांडा ओढला, बत्ती पेटली. गाडीने जोर केला. मागची चाकं वाळू उडवत खाली रुतत गेली आणि पुढची दोन्ही जागच्या जागी ठार उभी राहिली. बाळना ते वीस पावलांवरून दिसलं. त्यांनी यज्ञेशला थांब म्हणून हात केला आणि तसेच, पोत्याशिवाय, ओल्या वाळूत आडवे झाले.

पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट तिथे नव्हताच. कोणीतरी डिझेल वाचवायला तो काढून ठेवला होता. दांडा सरकतो, बत्ती पेटते, हळू गिअर लागतो आणि गाडी मागच्या दोन चाकांवर चालत राहते. एकदा नुसतं वाकून बघितलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी तिथूनच निमेशला फोन लावला.

“शाफ्ट ना? इथेच पडलाय, आणा गाडी, बसवून देतो,” निमेश सरळपणे म्हणाला. “काका, मला वाटलं तुम्ही बघितलंय. तुम्ही बघत नाही असं होतं का?”

पाणी उतरायला लागलं होतं. सात-आठ म्हातारे जमले, तीन-चार बाया कासोटा खोचून आल्या, दोर गाडीवरून सोडून हातात घेतला. बाळनीही धरला. बोट हलेना. मग कोणी काही म्हणायच्या आत महादू ओट्यावरून उठून आले आणि दोराला सगळ्यांत पुढे लागले. अंजनाबाई ओरडल्या, त्यांनी ऐकलं नाही. बोट हात हात करत वर सरकली, लाटेच्या रेषेच्या वर आली, आणि सगळ्यांनी दोर टाकला. महादू मात्र वाळूत बसले ते बसलेच. दोघांनी धरून उठवलं तर पाय उचलेनात. चेहरा राखेसारखा झाला होता. यज्ञेश रिक्षा आणायला पळाला.

बाळ अंजनाबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. जन्मात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्यांना वाटत होती.

“अंजनाबाई, मी त्या गाडीखाली गेलोच नव्हतो.”

“म्हायत हाय मना,” महादूंच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “दोन गाड्यांखाली झोपलास, तिसरीखाली नाय. मी म्हटलं, इतकी चांगली गाडी हाय, की बाळदादाला खाली जायची पण गरज नाय.”