शिवेच्या पलीकडे

आईला मुंबई दाखवायला नेलं त्या दिवसाची आठवण झाली की अजूनही माझं डोकं तापतं. कुणावर तापतं, हे मात्र दर वेळी वेगळं असतं.

नवी मुंबईतल्या पावण्याच्या एका छोट्या कारखान्यात तेव्हा मला अठरा वर्षं झाली होती. हेल्पर म्हणून लागलो, आता सुपरवायझर आहे. घर तिथून जवळच, सोसायटीतला वन बीएचके. गावाकडे, सोलापूरच्या बाजूला, मी कायम सांगत आलो की मी मुंबईत असतो. आमच्याकडून इकडे आलेले सगळेच तसं सांगतात. नवी मुंबई म्हटलं की पुढे दहा प्रश्न येतात, आणि शिवाय ती जरा कमी प्रतीची वाटते. माझं लग्नसुद्धा ‘मुलगा मुंबईला असतो’ या एका वाक्यावर जमलं. बायको आल्यावर आठवडाभर समुद्र शोधत होती.

तर त्या वर्षी मी आईला फोनवर म्हणालो, “या खेपेला ये, तुला मुंबई दर्शन घडवतो.”

आई म्हणाली, “घडव बाबा. लई वर्सांचं बोलून ठिवलंय म्यां.”

मला वाटलं, शेजारणींना बोलून ठेवलंय. मी मनापासून खूश झालो आणि वाशीहून सुटणाऱ्या ‘मुंबई दर्शन’च्या बसची चार तिकिटं काढली. आई, मी, बायको आणि आमची दहा वर्षांची मुलगी.

आईनं त्या शब्दाचा अर्थ तिच्या पद्धतीनं लावला होता, हे मला भर दुपारी कळलं. दर्शन म्हणजे देवीचं. मुंबईचं दर्शन म्हणजे मुंबादेवीचं. मी घर सोडून इकडे आलो त्या दिवशी तिनं गावातूनच मुंबादेवीला नवस बोलला होता, की माझ्या लेकाला तुझ्या पदराखाली घे, मी येऊन तुझी ओटी भरीन. अठरा वर्षांत ती एकदाच आली होती, माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी, आणि तेव्हा महिनाभर बाळंतिणीच्या खोलीबाहेर पडली नव्हती. आता तिचे गुडघे गेले होते. ही खेप शेवटची, असं ती गावात सगळ्यांना सांगून निघाली होती. मला सोडून सगळ्यांना.

बस सातची होती, ती सव्वाआठला आली. एसी म्हणाले होते, तो खाडीपुलावरच बंद पडला. खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या. गाईड माईक तोंडात घातल्यासारखा धरून अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत होता, आणि त्याचं सगळं बोलणं “डावीकडे बघा, उजवीकडे बघा” एवढ्यावरच संपत होतं. डावीकडे बघेपर्यंत ते मागे गेलेलं असायचं. म्युझियम बाहेरून. हायकोर्ट बाहेरून. एका उद्योगपतीचा उंचच्या उंच बंगला तर फक्त वरचे मजले दिसतील एवढ्या लांबून. आईनं त्यालाही हात जोडले. दोन-तीन जण हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आई, ते घर आहे कुणाचं तरी.”

“असंना. एवढं उंच हाय, आत द्येव असंलच.”

सकाळी तिनं पोहे खाल्ले नव्हते. बसमध्ये बायकोनं डबा उघडला तर “पोटाला बरं न्हाई” म्हणाली. मला वाटलं, बस लागते तिला. मांडीवरची कापडी पिशवी ती कुणाला धरायलाही देत नव्हती.

गेटवेला वीस मिनिटं मिळाली. मुलीला फोटो हवे होते, बायकोला चहा हवा होता, आणि आई कबुतरांच्या गर्दीत एकदम खालीच बसली. कपाळाला दरदरून घाम. मी केळं सोलून पुढे धरलं. तिनं माझा हात बाजूला सारला.

“दर्शनाच्या आदी कसं खाऊ?”

“कसलं दर्शन? सकाळपासून दर्शनच चाललंय ना!”

“देवी कुटं आली आजून?”

मग तिनं पिशवी उघडून दाखवली. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. नारळ गावातल्या आमच्याच झाडाचा. नवसाची सगळी हकीगत तिनं तिथे, त्या फरशीवर बसून सांगितली.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. एवढ्या मिनतवारीनं रजा काढली, आठवडाभर आखणी केली, आणि हिनं एक शब्द सांगू नये? मी गाईडला गाठलं. तो म्हणाला, “साहेब, आपल्या लिस्टमध्ये ते मंदिर नाय. तिकडे बस घुसतच नाय. तुम्ही उतरा, पण मग ही बस सोडावी लागेल.”

मी तणतणत निर्णय घेतला. बायको आणि मुलगी बसबरोबर पुढे जातील, मी आईला घेऊन देवळात जाईन. मुलगी रडायला लागली. बायकोनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली ती जवळजवळ आदळलीच.

टॅक्सीवाल्यानं बाजाराच्या अलीकडेच सोडलं. हातगाड्या, हमाल, कापडाचे गठ्ठे. आईला धरून मी पाव किलोमीटर चालवलं, त्याला अर्धा तास लागला. देवळाबाहेर ओटीचं सामान विकणारी एक बाई होती. आईला वेणी हवी होती. वेणी बांधून देता देता ती म्हणाली, “नवस काय मावशी?”

आईला तेवढंच पुरे होतं. अठरा वर्षं देवीनं लेकाला कसं सांभाळलं, मशीनमध्ये हात गेला तरी बोटं कशी वाचली, सगळं तिनं सांगितलं.

“राहतो कुठं लेक?”

“हितंच की. मुंबैला.”

माझं डोकं आधीच उठलं होतं. मी म्हणालो, “नवी मुंबई. पावण्याजवळ.”

बाई हसली. “मग खाडीच्या पल्याड ना! तिकडची गावदेवी वेगळी, मावशी. आमच्या देवीची हद्द आपली शीवपर्यंत. नावच आहे बघा त्या सायन स्टेशनचं, शीव.”

ती गमतीत बोलली. तिच्या दृष्टीनं तो विषय तिथेच संपला, ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. आई मात्र जागच्या जागी थांबली. आमच्याकडे शीव ही फार मोठी गोष्ट आहे. गावच्या शिवेच्या आतल्या माणसाला गावची देवी सांभाळते. शिवेबाहेर तिचा इलाज चालत नाही, तिथे दुसरीचं राज्य. नवी नवरी आणताना शिवेवर नारळ फोडतात तो त्यासाठीच.

“तू मुंबैत ऱ्हात न्हाईस?” आईनं विचारलं.

“अगं, तेच ते. सगळं एकच आहे.”

“मधी खाडी हाय ना?”

“आहे.”

“आन् शीव बी हाय.”

तिनं पिशवीचं तोंड आवळून धरलं. रांगेत आम्ही तासभर उभे राहिलो. आईनं देवीचं दर्शन घेतलं, हात जोडले, डोकं टेकवलं, आणि ओटी न भरताच बाहेर आली.

मी रस्त्यातच ओरडलो. “आई, आता काय? इथवर आणलं ना तुला? भर ना ती ओटी!”

“जिनं सांभाळलं तिची भरायची. मी अठरा वर्सं दुसरीलाच हाका मारत बसले.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुज्या घरापाशी देवी कंची हाय?”

मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं. पगारवाढीची तारीख, पाणी येण्याची वेळ, सोसायटीच्या प्रत्येक भांडणाचं कारण मला पाठ होतं. घरापाशची देवी मात्र नाही. आणि आई ओटी भरल्याशिवाय अन्नाला शिवणार नव्हती. संध्याकाळ व्हायला आली होती, शुगरची गोळी सकाळपासून पिशवीतच होती.

परतीची टॅक्सी खाडीपुलाच्या अलीकडे अडकली. मी बायकोला फोन लावला. ती चौपाटीवर होती.

“अहो, असं काय करता? आपल्या सोसायटीच्या मागच्या गावात तळ्याकाठी गावदेवीचं देऊळ आहे. तुम्ही रोज बाईक लावता त्याच्या समोर. मी मुलीला घेऊन जाते की मंगळवारी.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

दिवेलागणीला पोचलो. देऊळ लहानसं, फरशी नुकतीच धुतलेली. एक म्हातारी निरांजन लावत होती. आईला आधार देऊन मी पायरी चढवलं. “नविन हाव का?” म्हातारीनं तिच्या आगरी बोलीत विचारलं.

“अठरा वर्षं आहे इथे,” मी म्हणालो.

“आनि आज आयलाव?” तिनं वात पुढे सारली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

आईनं ओटी भरली. खण नीट पसरला, तांदूळ पाच वेळा घातले. मग देवीशी बोलायला लागली, शेजारणीशी बोलावं तशी. “चुकलं बाई माजं. पोरानं पत्ता चुकीचा दिला. मी तिकडं हाका मारत हुते आन् तू हितं, कुणी न सांगता, त्याला बगत हुतीस.” मग मागे वळून मला म्हणाली, “हिकडं ये. सांग तिला, कुटं ऱ्हातोस ते. नीट सांग.”

“आई, पुरे आता. घरी चल, काहीतरी खा.”

“सांग म्हंते ना.”

म्हातारी बघत होती. चाळीस कामगारांना दिवसभर हुकूम सोडणारा मी, हात जोडून उभा राहिलो. सेक्टर सांगितला, सोसायटीचं नाव सांगितलं, मजला सांगितला. तिथे थांबलो तर आई म्हणाली, “गावाचं नाव?”

ओठांवर आलेली ‘मुंबई’ गिळून तिथलं नाव सांगायला मला फार वेळ लागला.