लावणी फसलेला तुकडा

बेळगावच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा घरात पेढे वाटले. पण मी नेमकं काय करते हे कुणालाच सांगता येईना. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होते. ते शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी माती बघती." शेजारी म्हणायचे, "माती व्हय? ती आमीबी बघतो की!"

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमच्याकडं बहुतेक माती यायची ती संकेश्वरकडच्या उसाच्या रानातली. चमचाभर माती काचेच्या चंबूत घ्यायची, त्यात नारिंगी द्रावण आणि आम्ल ओतायचं आणि थांबायचं. पाल्यापाचोळ्यातून, मुळांतून मातीत मुरलेला सेंद्रिय कर्ब जितका जास्त, तितका नारिंगी रंग कमी होत जायचा. उसाच्या मातीत तो फारसा हलायचाच नाही.

एकदा साहेबांनी मला खानापूरच्या बाजूला पाठवलं. तिथं निलगिरीची नवी लावणी होती आणि शेजारी जुनं मिश्र जंगल. दोन्हीकडची माती तुलनेसाठी आणायची होती. वाट दाखवायला गावातली एक आक्का आली. चाळिशीची, काटक, पायात चप्पल नाही आणि चालणं माझ्या दुप्पट. निलगिरीखाली कुदळ खणखणली. जंगलात मात्र माझा हात मनगटापर्यंत आत गेला.

प्रयोगशाळेत त्या जंगलाच्या मातीवर आम्ल पडलं आणि चंबू बघता बघता हिरवागार झाला. नारिंगी रंग औषधालासुद्धा शिल्लक नव्हता. साहेब धारवाडकडचे, कन्नड बोलणारे. ते धावतच आले.

"एन इदु? हे काय? शेणखताची माती उचलून आणली काय तुम्ही?"

माझे कान तापले. "न्हाय साहेब, मी स्वतः खणलीया." घाबरले की माझी घरची बोली बाहेर यायची.

"मग अर्धीच माती घ्या, म्हणजे द्रावण पुरेल. परत करा."

अर्ध्या मातीत रंग कसाबसा टिकला. साहेब खूश होतील असं वाटलं, पण ते मान हलवत राहिले. "निलगिरी परवाची. तिच्यासाठी जमीन उकरलेली. जुन्या जंगलाशी तिची तुलना म्हणजे पाळण्यातल्या पोराची आजोबांशी कुस्ती. एकाच वयाची दोन रानं पाहिजेत."

ती कुठून आणायची? पुढच्या खेपेला साहेब स्वतःच आले, भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन. जेवताना मी आक्काला आमची अडचण सांगितली. ती घास थांबवून हसली.

"आवं, मग त्या सागवानाकडं चला की. आमीच लावलंय ते, माझं नवं लगीन झालतं तवा. त्यातल्या एका तुकड्यातली रोपं सगळी मेली. मुकादम लई बोलला आमाला. मग तितं जांभळ, ऐन, किंजळ, हिरडा, आपोआप काय काय उगवलं. कुणी बघितलंबी न्हाय."

साहेब उभेच राहिले. "दोन्ही एकाच वर्षातलं?"

"व्हय. उतारबी एकच."

आम्ही दोन्हीकडं खड्डे घेतले. सागाखाली मोठमोठी कोरडी पानं, आणि ती सरकवली की उघडी जमीन. मिश्र तुकड्यात पाल्याचे थरावर थर. आक्का ते बोटांनी उलगडून दाखवू लागली. "ह्ये पान लगी कुजतं, ह्येला वरीस लागतं. मुळंबी तशीच. एकाची वरच्यावर, एकाची खोल."

साहेब वहीत लिहून घेत होते. एरवी मी सांगितलेलंही ते लिहून घेत नसत.

त्या तपासणीला ते माझ्या मागंच उभे राहिले. मिश्र तुकड्याचा कर्ब जुन्या जंगलाइतका नव्हता, पण सागाच्या मातीपेक्षा स्पष्ट जास्त होता. त्यांनी सगळं पुन्हा स्वतःच्या हातानं केलं. तेच आलं. तेव्हा ते मोठ्यानं हसले, "फसलेली लावणी पास झाली बघा!"

अहवालात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की एका जागेवरून नियम करता येत नाही. पण सागातल्या मोकळ्या जागांत इथलीच निरनिराळी झाडं लावून बघावीत, असंही सुचवलं. मी हट्ट धरला म्हणून एक ओळ वाढली: ही जागा तिथं लावणीचं काम केलेल्या मजूर बाईंनी दाखवली. ती ओळ मी आक्काला वाचून दाखवायला गेले. तिनं दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, "मुकादमाला दावता ईल का गं?"

दोन वर्षांनी त्या सूचनेतला थोडा भाग खरोखर अमलात आला. बी वेचायला सहा बायका कामाला लागल्या आणि त्यांच्यावर देखरेखीला आक्का. माझी बदली होईपर्यंत दर हिवाळ्यात मी तिथं जात राहिले. दर वेळी ती मला नवीन चार झाडांची नावं शिकवायची. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी त्यातली तीन विसरलेली असायचे आणि ती सगळ्या बायकांसमोर मला फैलावर घ्यायची.